बेटावरची समुद्रजीव अभ्याससहल : या चुका टाळा

तापीकाठच्या मुलांनी नदीला पावसाळ्यात पूर आलेला आणि उन्हाळ्यात तिचे पात्र आटलेले पाहिलेले असते, परंतु दिवसातून दोनदा चढणारे-उतरणारे पाणी त्यांच्या अनुभवात नसते. जळगाव-धुळ्याहून विद्यार्थ्यांना मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कुरटे बेटावर नेताना आम्हा शिक्षकांच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सुट्टी पाहून तारीख ठरवणे. पहिल्या वर्षी आम्ही अष्टमीला पोहोचलो. त्या सुमारास भांगाची (कमी चढ-उताराची) भरती असते आणि पाणी फारसे ओसरत नाही. रात्रभर प्रवास करून आलेल्या मुलांना तटावरून नुसत्या लाटा पाहाव्या लागल्या, याचे मला आजही वाईट वाटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला (मोठ्या भरती-ओहोटीला) पाणी खूप मागे हटते, पण तेव्हाची ओहोटी भल्या पहाटे येते आणि त्या वेळी होडी मिळत नाही. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकत असल्याने द्वितीया-तृतीया निवडावी, म्हणजे उधाणाचा जोरही टिकलेला असतो आणि सकाळ हाती लागते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या कोष्टकातच पाहावी. ओसरत्या पाण्यामागोमाग खडकांत उतरावे आणि पाणी फिरताच माघारी निघावे.

दुसरी चूक दगडाची. दगड उलटला की खाली स्पंज, नळीत राहणारे कृमी, गोगलगायींची अंडी असे ओले जग दिसते. मुले आनंदाने पुढच्या दगडाकडे धावतात आणि उघडे पडलेले जीव उन्हात वाळून मरतात. दगड हलकेच, होता तसाच परत ठेवून मगच पुढे जाण्याची सवय लावावी.

नमुने बरणीत भरून आणण्याची जुनी पद्धत आता सोडावी. मालवणचा हा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ, समुद्रघोडा आणि समुद्रकाकडी यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र अभ्यासाला पुरते. शंकूच्या आकाराचा शंख तर हातात घेऊच नये, कारण त्यातील गोगलगाय विषारी दंश करते.

नुसत्या चपला घालून किंवा अनवाणी उतरू देऊ नये, पाय झाकणारे बूट हवेत. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या (एक प्रकारच्या शिंपल्यांच्या) धारदार कडांनी पाय चिरतात. जखम झाल्यास ती स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावी.

उन्हाच्या बाबतीत आपली मुले बेफिकीर असतात. खान्देशात ४४ अंश सोसणाऱ्याला किनाऱ्यावरचे ३३ अंश किरकोळ वाटतात, पण दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहते. डोके दुखू लागलेल्या मुलाला लगेच सावलीत बसवून मीठ-साखरेचे पाणी द्यावे आणि त्या दिवशी पुन्हा खडकांत पाठवू नये.