एसी लावला की कुबट वास येतो? या चुका टाळा

गाडीचा एसी सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो, मग विरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असा वास बहुतेक वेळा डॅशबोर्डच्या आत दडलेल्या कूलिंग कॉइलचा असतो. थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, तशी हवेतली वाफ या कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर जमते. पाणी खालच्या ट्रेमध्ये उतरून ड्रेन पाइपमधून गाडीखाली ठिबकतं. गाडी बंद केली की कॉइल ओलीच राहते आणि तिथल्या अंधारात, धुळीत बुरशी व जिवाणूंचा थर धरतो. डॅशबोर्डवर लटकवलेला परफ्यूम या थरापर्यंत पोहोचत नाही. कुबट वासात चमेली मिसळते, एवढंच.

वासाचा माग न काढता फवारा आणणे

आधी वास कधी येतो ते पाहा. एसी लावताच येऊन कमी होत असेल, तर कॉइल. ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, बंद असतानाही, दार उघडल्या उघडल्या येत असेल, तर कार्पेट, सीटखालचा भाग किंवा डिकी ओली आहे. बाहेरची हवा आत घेताना येतो आणि रिसर्क्युलेशनवर, म्हणजे गाडीतलीच हवा फिरवण्यावर, टाकल्यावर कमी होतो? मग बॉनेट उघडून वायपरखालची जाळी बघा. तिथे कुजका पाला साचलेला असण्याची शक्यता मोठी.

काही वास वेगळेच असतात. गोडसर वास आणि काचेवर आतून तेलकट थर म्हणजे हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतंय. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर ब्लोअर लगेच बंद करून वायरिंग तपासायचं. सडका, उग्र वास असेल तर ब्लोअरच्या पंख्यात मेलेला उंदीर शोधा. यातल्या कशालाच फोम, म्हणजे कॉइल साफ करायचा फेसाळ फवारा, उपयोगी नाही.

फोम डॅशबोर्डच्या जाळीतून मारणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. समोरच्या जाळीपासून कॉइलपर्यंत वळणावळणाचा मार्ग आणि मधे झडपा असतात. फोम वाटेतच अडकतो, पाझरून स्विचेस किंवा स्क्रीनमागच्या जोडण्यांवर उतरतो आणि कॉइल तशीच घाण राहते.

योग्य वाट दोनपैकी एक: खालून ड्रेन पाइपमधून, किंवा गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर काढून त्याच्या खाचेतून, जर तिथून कॉइल समोर दिसत असेल तर. एसी कॉइलसाठीच बनवलेला फोम घ्या, सोबत लांब मऊ नळी असतेच. इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवा. नळी आत सरकवा, थोडा फोम सोडा, नळी थोडी मागे घ्या, पुन्हा सोडा. डबा एका दमात रिकामा करू नका. फोम फुगून ब्लोअरच्या मोटरकडे चढतो. वाटेत ब्लोअरचा रेझिस्टर (त्याचा वेग ठरवणारा विजेचा भाग) दिसला तर त्यावर फवारा जाऊ देऊ नका. डब्यावर लिहिलेला वेळ, साधारण १५ ते २० मिनिटं, थांबा. गाडीखाली मळकट पाणी टपकू लागलं की फोम कॉइलवर पोहोचला असं समजा.

मग दारं उघडी ठेवून, एसी बंद, हीटर चालू आणि ब्लोअर आधी सर्वांत कमी वेगावर. फेसाचे थेंब यायचे थांबले की वेग पूर्ण वाढवा आणि १० मिनिटं चालू द्या. नवा फिल्टर त्यानंतरच बसवा, नाहीतर तो पहिल्याच दिवशी ओला होतो.

बटण दाबून गाडीत ठेवायचे धुराचे डबे त्या मानाने सोपे, पण वरवरचे. हलक्या वासाला ते पुरतात, जाड थराला नाही. ते वापरताना फिल्टर काढलेला, रिसर्क्युलेशन चालू, काचा बंद आणि गाडीत कोणीही नाही, हे पक्कं करा. जवळ पेटती वस्तू नको.

ड्रेन पाइप न तपासणे

दमट हवेत एसी १५-२० मिनिटं चालवून गाडी उभी करा. खाली पाणी ठिबकलं पाहिजे. थेंबही नाही आणि चालकाशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं लागतंय, तर पाइप तुंबला आहे. ट्रेमध्ये साचलेलं पाणी वासाचा कारखाना होतं. पाइपच्या तोंडातला चिखल काढून मऊ नायलॉनची दोरी हळूच आत-बाहेर करा. टोकदार तार नको, कॉइलला भोक पडलं तर गॅस गेलाच. जोरदार दाबाची हवाही नको, आतला सांधा निखळतो. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका, स्टँड लावा.

कार्पेट वरून कोरडं वाटलं तरी त्याखालचा स्पंजसारखा थर आठवडाभर पाणी धरून ठेवतो. कडेची पट्टी काढून, कार्पेट उचलून खालून वाळवा. बेकिंग सोडा पसरायचा तर वाळल्यावर. ओल्यावर त्याचा लगदा होतो.

फिल्टर धुऊन परत बसवणे

कागदी घड्यांचा फिल्टर धुतला की तंतू फुगतात, हवा अडते आणि आत ओल उरते. वर्षाला किंवा १० ते १५ हजार किलोमीटरला नवा बसवा, धुळीत त्याआधी. कोळशाचा थर असलेला फिल्टर बाहेरचे वास चांगले अडवतो, पण बहुतेक गाड्यांत हवेच्या वाटेत कॉइल त्याच्यानंतर येत असल्यामुळे कॉइलचा वास त्याला थांबवता येत नाही. बसवताना बाण नीट वाचा: काहींवर तो हवेची दिशा दाखवतो, काहींवर फक्त वरची बाजू.

व्हिनेगर, ब्लीच, ओझोन

पहिल्या दोघांनी ॲल्युमिनियम खाल्लं जातं. एकत्र केले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, त्यामुळे तो प्रयोग मुळीच नको. ओझोन यंत्र वास मारतं, पण पाणी आणि थर जागेवरच राहतात. ते चालू असताना आत थांबू नका, नंतर गाडी नीट हवेशीर करा.

एसी चालू असतानाच गाडी बंद करणे

पोहोचण्याच्या ३ ते ५ मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, ब्लोअर मोठा ठेवा आणि बाहेरची हवा आत घ्या. कॉइलवरचं बरंचसं पाणी तेवढ्यात उडतं. काचा धूसर व्हायला लागल्या तर हा प्रकार थांबवून एसी पुन्हा लावा, रस्ता दिसणं आधी. रिसर्क्युलेशन दिवसभर चालू ठेवायची सवयही मोडा, कारण श्वासातली वाफ गाडीतच फिरत राहते.

दोन वेळा नीट फोम करून, पाइप मोकळा असूनही वास परतला, तर कॉइल बाहेर काढूनच धुवावी लागते. त्यासाठी बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड उघडावा लागतो. कामाआधी गॅस यंत्राने काढून घेतात की हवेत सोडतात आणि सांध्यांवरच्या रबरी रिंगा नव्या टाकतात का, हे विचारून मगच गाडी द्या.