दूध उत्पादकांसाठी ॲप घडवताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात गावोगावी दूध संस्था आहेत, सकाळ-संध्याकाळ संकलन चालते आणि दहा दिवसांनी बिल निघते. त्यामुळे या व्यवहारासाठी ॲप काढावे असे इथल्या तरुण मंडळींना वाटणे साहजिक आहे. अडचण येते ती कोड लिहिण्याआधीच्या विचारपुशीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संस्थेच्या सचिवांशी बोललो की उत्पादकाची गरज समजली, असे मानणे. खाते सासऱ्यांच्या नावावर, डेअरीला दूध घालणारी सून आणि स्मार्टफोन कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या खिशात, अशी स्थिती एकाच घरात असू शकते. मग ओटीपी कोणाकडे जाणार आणि पावती कोण पाहणार, हे ठरवल्याशिवाय आखलेली लॉगिनची स्क्रीन कितीही देखणी असली तरी निरुपयोगी ठरते. मुलाखतींची यादी करतानाच खातेदार, दूध घालणारी व्यक्ती आणि फोन वापरणारी व्यक्ती यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.

‘असे ॲप आले तर वापराल का?’ हा प्रश्न विचारूच नये. समोर चहा ठेवणारा माणूस ‘वापरू की’ असेच म्हणणार, कारण दारी आलेल्याला नाराज करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्याऐवजी ‘मागे फॅट कमी लागली तेव्हा तुम्ही काय केले?’ असे विचारले, तर जपून ठेवलेल्या पावत्या आणि कॅलेंडरच्या चौकटीत लिहिलेले लिटर बाहेर येतात, आणि मूळ तक्रार दराची आहे की मोजणीवरच्या विश्वासाची, याचा अंदाज येतो.

प्रोटोटाइप, म्हणजे ॲपचा कच्चा नमुना, आधी कागदावर काढावा; रंगरंगोटी केलेला दाखवला, तर लोक रंगांवरच बोलतात. त्यात ‘१० लिटर, १०० रुपये’ असले खोटे आकडे भरू नयेत. म्हशीचे दूध, फॅट ६.४, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन पदार्थ) ९.१ असे लिहिले की बघणारा लगेच विचारतो, ‘आणि गाईचे कुठे दिसणार?’ एकाच घरातून दोन्ही प्रकारचे दूध येते, हे तेव्हा आराखड्यात शिरते.

पाच जणांवर चाचणी पुरते, हा वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब सर्रास चुकीचा वापरला जातो. तो एकसारख्या वापरकर्त्यांपुरता आहे आणि चाचणी, सुधारणा, पुन्हा चाचणी अशा फेऱ्या त्यात गृहीत आहेत. सचिव आणि उत्पादक मिळून पाच जण घेतल्यास तो लागू होत नाही.

चाचणी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आपल्या कार्यालयात घेऊ नये. संकलन आटोपताच केंद्रावरच, तिथल्या उजेडात आणि ओल्या हातांनी ती व्हावी, आणि माणूस अडखळला तरी आपण गप्प राहावे. अँड्रॉइडच्या सूचनेप्रमाणे बटणाला ४८ डीपी (स्क्रीनवरच्या मापाचे एकक) जागा देऊनही बोट चुकत असेल, तर बटण मोठे करण्याआधी ते तिथे हवेच का, हे पाहावे; पावती एसएमएसने आपोआप जात असेल, तर ‘पावती पाहा’ हे बटण दूध घालणाऱ्या बाईंच्या वाटेत येण्याचे कारण नाही.