अमेरिकेतील आगमन-नोंदींत पूर्वज शोधताना या चुका टाळा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या पूर्वजाचे नाव एलिस बेटाच्या (न्यूयॉर्क बंदरातील, आगंतुकांची तपासणी करणाऱ्या केंद्राच्या) नोंदींत सापडले नाही, की तेथील अधिकाऱ्याने आडनाव बदलून टाकले, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. ही कथा असंख्य कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण प्रवाशांची यादी त्या बेटावर तयारच होत नसे. आगबोट कंपनीचे कर्मचारी ती प्रवास सुरू होतानाच तयार करीत आणि न्यूयॉर्कचे निरीक्षक तीच यादी समोर ठेवून प्रश्न विचारीत. नावाचे अमेरिकी रूप बहुधा पुढे, तेथे वास्तव्य सुरू झाल्यावर रूढ होई. म्हणून शोध मूळ देशातील नावानेच घ्यावा: ‘जॉन’ सापडत नसेल तर ‘जोव्हान्नी’ किंवा ‘योहान’ पाहावे, आणि इटालियन विवाहितेची नोंद माहेरच्या आडनावाखाली असू शकते हे ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक स्थळकाळाची आहे. एलिस बेटावरील केंद्र १ जानेवारी १८९२ रोजी सुरू झाले. १८५५ ते १८९० या काळात न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांची व्यवस्था कॅसल गार्डनमध्ये होती. जून १८९७च्या आगीत बेटावरील लाकडी इमारत जळाली आणि डिसेंबर १९००मध्ये नवी इमारत उघडेपर्यंत तपासणी अन्यत्र चालली. या आगीत जुनी दप्तरे नष्ट झाली हे खरे असले, तरी कस्टम्स खात्याकडे १८२०पासून जमा होत गेलेल्या जहाजांच्या याद्या वेगळ्या होत्या आणि त्या बचावल्या. ‘सगळे जळाले’ असे ऐकून शोध सोडणे योग्य नव्हे. शिवाय बॉस्टन, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया आणि गॅल्व्हेस्टन येथेही लाखो लोक उतरले, तर काही कॅनडामार्गे सरहद्द ओलांडून आले.

नाव सापडल्यावर होणाऱ्या चुका मला अधिक खटकतात, कारण तेथे माहिती हाताशी असूनही निसटते. संगणकीय सूची हे कोणीतरी केलेले वाचन असते, त्यामुळे मूळ पानाची प्रतिमा पाहिल्यावाचून काहीही पक्के मानू नये. सूचीत आडनाव चुकीचे वाचले गेले असण्याची शंका आली, तर ते गाळून केवळ पहिले नाव, वय आणि आगमनाचे वर्ष यांवर शोध घ्यावा. १९०७ नंतरच्या याद्या दोन समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या आहेत. डावे पान पाहून थांबणाऱ्याला जन्मस्थळ आणि अमेरिकेत ज्याच्याकडे जायचे त्याचा पत्ता हे उजव्या पानावरील तपशील दिसतच नाहीत. नावावर मारलेली रेघ म्हणजे प्रवासात मृत्यू, असे समजू नये. बहुतेकदा तो प्रवासी जहाजावर चढलाच नव्हता. नावाजवळ पुढे लिहिलेले आकडे अनेकदा नागरिकत्वाच्या अर्जाच्या पडताळणीचे असतात. समासातील ‘एक्स’ची खूण प्रवाशाला थांबवून ठेवल्याचे सांगते, म्हणून त्याच जहाजाच्या यादीअखेरीस असलेली रोखलेल्यांची पाने पाहावीत. रोखणे म्हणजे परत पाठवणे नव्हे: एकट्या स्त्रीला नवरा किंवा नातलग न्यायला येईपर्यंत थांबवीत, आणि प्रत्यक्षात परत पाठवलेल्यांचे प्रमाण सुमारे २ टक्केच होते.

पॅसिफिक किनाऱ्यावरील शोधाला वेगळी सावधगिरी लागते. सॅन फ्रान्सिस्कोजवळील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात चिनी प्रवाशांच्या दीर्घ चौकश्या झाल्या, कारण १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती. १९०६च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातील जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेकांनी स्वतःला अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे नागरिक ठरवून चीनमधील मुलांना प्रवेश मिळवून देण्याचा हक्क सांगितला, आणि ते हक्क परक्या तरुणांनाही विकले गेले. त्यामुळे चौकशीच्या जबाबांत गावाचे व घराचे बारीकसारीक वर्णन असले, तरी तेथील ‘वडील’ रक्ताचे असतीलच असे नाही. हे जबाब वंशावळीत थेट उतरवून घेणे ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

यादी मुळीच मिळत नसेल तर शोध उलट्या दिशेने करावा. १९०६च्या कायद्यानंतरच्या नागरिकत्वाच्या कागदपत्रांत जहाजाचे नाव व आगमनाची तारीख विचारलेली असे; मात्र ती अर्जदाराने वर्षांनंतर आठवून सांगितलेली असू शकते, म्हणून मागेपुढे काही महिने पाहावे. जहाज जर्मनीतील हाम्बुर्ग बंदरातून निघाले असेल, तर १८५० ते १९३४ या काळातील तेथील प्रस्थान-याद्या बहुतांशी शिल्लक आहेत आणि त्यांत राहते गावही मिळू शकते. जर्मनीतीलच ब्रेमेन बंदराच्या याद्या मात्र बहुतेक नष्ट झाल्या आहेत. तेथून निघालेल्याचे गाव नागरिकत्वाच्या अर्जातून किंवा चर्चच्या नोंदींतूनच शोधावे लागते.