स्वाधारमध्ये मी बसतो का? शहरात शिकायला निघालेल्यांसाठी

बारावीचे निकाल लागले की परभणीकडच्या पोरांचे फोन सुरू होतात. "दादा, स्वाधारमध्ये मी बसतो का?" या सरकारी योजनेच्या पैशांवरच मी पुण्यात इंजिनिअरिंग पूर्ण केलं, म्हणून प्रत्येकाला सविस्तर सांगतो.

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना समाजकल्याण विभागाने 2016-17 पासून सुरू केली. ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्राचा रहिवास, पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मागच्या परीक्षेत किमान 50 टक्के (दिव्यांगांना 40), आणि अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीचा नसावा. इथवर फारसं कुणी अडत नाही.

अडतात ते राहण्याच्या अटीवर. ही योजना मुळात शासकीय वसतिगृहाला पर्याय म्हणून आली. पात्र असूनही वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याच्या जेवणाची आणि भाड्याची सोय व्हावी हा हेतू. म्हणून वसतिगृहाचा अर्ज टाळू नका. दुसरं म्हणजे, कॉलेज ज्या शहरात आहे तिथले तुम्ही स्थानिक रहिवासी नसावे लागता. सिमकार्ड, गॅस अशा कामांसाठी काही मुलं आधारवर मामाचा पुण्यातला पत्ता टाकून घेतात आणि तिथेच फसतात. अर्ज मंजूर होईपर्यंत गावचाच पत्ता राहू द्या.

खोली घेतानाच घरमालकाशी भाडेकराराचं बोलून घ्या. कॉट बेसिसवर ठेवणारे बरेच मालक महिन्याचे पैसे रोख घेतात, पण कागद म्हटला की तोंड फिरवतात. पाचशे रुपये जास्त गेले तरी करार देणारा मालक बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. मेसच्या पावत्याही एका फाइलमध्ये लावत जा.

रक्कम शहरानुसार ठरते. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार: भोजनाचे 32, निवासाचे 20 आणि निर्वाहभत्त्याचे 8 हजार. इतर महानगरपालिकांत 51 हजार, जिल्ह्याच्या ठिकाणी 43 हजार. मेडिकल-इंजिनिअरिंगला साहित्यासाठी वेगळे 5 हजार, बाकीच्या शाखांना 2 हजार.

हे पैसे महिन्याच्या महिन्याला हातात पडतील असं मात्र घरी सांगू नका. छाननी लांबते, हप्ता कधी परीक्षा संपल्यावर जमा होतो. तोवर मेसवाला थांबत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या काही महिन्यांची तजवीज आधीच हवी. ज्या घरात तेवढीही सोय नसते, तिथला मुलगा पात्र असूनही शहर सोडतो. मी असे मित्र परत जाताना पाहिलेत, आणि माझ्या मते या योजनेतली हीच सगळ्यात मोठी उणीव आहे. पैसे सत्र सुरू होताना मिळायला हवेत.

बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे बँकेत जाऊन विचारा. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली तर पुढचा हप्ता अडतो, तेव्हा उपस्थितीचा दाखला सत्र संपताच कॉलेजच्या सही-शिक्क्यासह घेऊन ठेवा. सुट्ट्या लागल्या की ऑफिसात कुणी भेटत नाही.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सांगाडा बराचसा सारखाच, पण सरकारी विभाग वेगळा, अर्ज वेगळा. आपल्या प्रवर्गाचाच शासन निर्णय वाचून फॉर्म भरा.