व्लाखांबद्दल लिहिताय? या चुका टाळा

बाल्कन प्रदेशाच्या इतिहासावरचे मराठी लेख आणि अनुवाद तपासायला येतात, त्यात त्याच त्या चुका दिसतात. बहुतेक सगळ्या घाईच्या.

व्लाख म्हणजे बाल्कनमधले, लॅटिनपासून निघालेल्या भाषा बोलणारे लोक. पहिली चूक म्हणजे ‘व्लाख’ हे या लोकांचं स्वतःचं नाव समजणं. ते शेजाऱ्यांनी ठेवलेलं आहे. व्होल्के नावाच्या केल्टिक जमातीवरून जर्मानिक लोक आधी सगळ्या केल्टांना, मग लॅटिन बोलणाऱ्यांना ‘वाल्ह’ म्हणू लागले. स्लाव्हांनी तो शब्द उचलला. वेल्स, वालोनिया ही नावंही त्याच मुळाची. आपल्याकडे आयोनियन ग्रीकांचा ‘यवन’ पुढे मुसलमानांना लागला, तसंच हे. ग्रीसमधल्या पिंडस डोंगरातले व्लाख स्वतःला ‘अर्मान’, म्हणजे रोमन म्हणवतात. ग्रीस आणि उत्तर मॅसिडोनियाच्या सीमेवरच्या मेगलेन भागातले तेवढे अपवाद, ते स्वतःला ‘व्लाश’च म्हणतात.

हे न पाहिल्याने काय होतं ते सांगतो. एका अनुवादात पोलंडचा राजा पहिला झिगमुंट याने १५१८ मध्ये ‘व्लाख राजकन्येशी’ लग्न केल्याचं वाचलं. राणी होती बोना स्फोर्झा, मिलानच्या ड्यूकची मुलगी! पोलिश भाषेत त्याच मुळावरून इटलीलाच ‘व्वोखी’ म्हणतात. पोलंडच्या बाजारात गाजर, लीक, सेलरीचा कंद यांची सूपसाठी बांधलेली जुडी आजही ‘व्वोश्चिझ्ना’ म्हणून मिळते, म्हणजे इटलीकडचा जिन्नस. अनुवादकाने मात्र राणीच्या मेंढपाळ पूर्वजांवर दोन परिच्छेद रचले होते. सगळे काढावे लागले. हंगेरियनमध्येही ‘ओलास’ म्हणजे इटालियन आणि ‘ओलाह’ म्हणजे व्लाख.

मी प्रत्येक जुन्या उल्लेखाशेजारी समासात लिहून ठेवतो: कोण बोलतंय, कोणत्या भाषेत, कोणत्या शतकात. मशीनवर अनुवाद करून संध्याकाळी लेख पाठवणाऱ्यांना हे जड जातं. जाऊ दे, पण त्यांचा मजकूर मी पुढे पाठवत नाही.

व्लाख म्हणजे सरसकट मेंढपाळ, असंही नको. हिवाळ्यात ग्रीसमधल्या थेसालीच्या मैदानात आणि उन्हाळ्यात डोंगरावर कळप नेणारे होतेच, पण अठराव्या शतकात भरभराटलेलं, स्वतःचा छापखाना असलेलं, आजच्या अल्बेनियातलं मोस्कोपोले हे व्यापारी शहरही त्यांचंच.

चेक प्रजासत्ताकात मोराव्हियातल्या वालाखिया भागाचे लोक, नाव व्लाखांचं असूनही, चेक बोलतात. नकाशावर नाव दिसलं की भाषा गृहीत धरू नका.

आणि बायझंटाइन लेखक केकाउमेनोस. व्लाख हे डाकियन आणि बेसी या बाल्कनमधल्या प्राचीन लोकांचे वंशज, हे त्याचं अकराव्या शतकातलं विधान जो तो पुरावा म्हणून चिकटवतो. थेसालीतल्या लारिसा शहराच्या १०६६ च्या उठावाबद्दल लिहिताना त्याने ते केलंय, आणि तिथेच व्लाखांना बेइमान ठरवलंय. विधान घ्यायचंच असेल तर तो रागही सोबत छापा.