बिनतारी ट्रॅकबॉल माउस: रोजच्या कामासाठी हात कसा बसवावा

साध्या माउसमध्ये आपण सबंध माउस टेबलावर सरकवतो आणि त्याबरोबर पडद्यावरचा कर्सर हलतो. ट्रॅकबॉल माउस मात्र जागचा हलत नाही. त्यात बसवलेला चेंडू अंगठ्याने किंवा बोटांनी फिरवायचा असतो, आणि चेंडू ज्या दिशेला फिरेल त्या दिशेला कर्सर जातो. ही कल्पना माउसपेक्षाही जुनी आहे. राल्फ बेंजामिन यांनी १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी असा चेंडू योजला होता, तर डग्लस एंगलबार्ट यांनी माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले ते १९६८ मध्ये. तरीही आज बहुतेकांचा हात आधी माउसवर तयार झालेला असतो आणि ट्रॅकबॉल घेतल्यावर तो माउससारखाच वापरण्याचा प्रयत्न होतो. पहिल्या काही दिवसांत कंटाळून तो कपाटात ठेवून देणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मते त्यात त्यांच्या हाताचा दोष फारसा नसतो. कर्सरचा वेग तसाच ठेवलेला असतो, हात चुकीच्या उंचीवर असतो आणि चेंडू फिरवणे व क्लिक करणे ही दोन कामे वेगळी करायची असतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अंगठ्याचा की बोटांचा?

ट्रॅकबॉलचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात चेंडू डाव्या बाजूला, अंगठ्याखाली असतो आणि उजवे-डावे बटण नेहमीप्रमाणे तर्जनी व मधल्या बोटाखाली येते. लॉजिटेकचे एम५७५ किंवा एमएक्स एर्गो हे या प्रकारचे. हाताची ठेवण माउससारखीच राहत असल्यामुळे नवख्या माणसाला हा प्रकार लवकर जमतो. दुसऱ्या प्रकारात मोठा चेंडू मधोमध असतो, तो तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांनी फिरवायचा असतो आणि डावी क्लिक बहुधा अंगठ्याने करायची असते. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माउस या प्रकारात मोडतो आणि त्याच्या चेंडूभोवती स्क्रोल करण्यासाठी एक कडे असते. पहिल्या प्रकारातील चेंडू साधारण ३४ मिलिमीटर व्यासाचा, तर दुसऱ्या प्रकारात तो ५५ मिलिमीटरपर्यंत असू शकतो. चेंडू मोठा असला की तो अधिक संथपणे, अधिक नेमका फिरवता येतो.

निवड करताना आपल्या अंगठ्याचा विचार आधी करावा. दिवसभर फोनवर अंगठ्याने टंकन करणाऱ्या, किंवा अंगठ्याच्या मुळाशी आधीच दुखत असलेल्या व्यक्तीने अंगठ्याचा प्रकार घेऊ नये, कारण सगळा भार पुन्हा त्याच सांध्यावर पडतो. डावखुऱ्यांसाठीही मधोमध चेंडू असलेला, दोन्ही बाजूंनी सारखा घडवलेला माउस सोयीचा पडतो, कारण अंगठ्याचे बहुतेक माउस उजव्या हातासाठीच बनवलेले असतात.

जागा आणि जोडणी

ट्रॅकबॉलला सरकण्यासाठी मोकळी जागा लागत नाही, म्हणून तो कीबोर्डला अगदी लागून ठेवता येतो आणि तसाच ठेवावा. कोपर शरीराजवळ, दंड सैल आणि मनगट सरळ राहील अशी जागा शोधावी. हा माउस साध्या माउसपेक्षा उंच असतो. त्यामुळे टेबल उंच असेल तर मनगट मागे वाकते आणि तासाभरात हाताच्या वरच्या बाजूला ताण जाणवू लागतो. अशा वेळी खुर्ची थोडी वर घ्यावी किंवा कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकेल इतका माउस आत सरकवावा. चेंडूखालचा सेन्सर टेबल पाहत नाही, चेंडूचा पृष्ठभाग पाहतो. म्हणून काचेचे टेबल, सोफ्याचा हात किंवा मांडीवरची पाटी यांपैकी कशावरही तो सारखाच चालतो.

बिनतारी जोडणी बहुधा दोन प्रकारे होते. एक म्हणजे यूएसबीमध्ये बसवायचा छोटा रिसीव्हर आणि दुसरी ब्लूटूथ. रिसीव्हर अनेकदा माउसच्या पोटात, बॅटरीच्या झाकणाखाली ठेवलेला असतो. तो हरवला असे समजण्याआधी तिथे पाहावे. टेबलावरच्या संगणकासाठी मी रिसीव्हरच सुचवेन, कारण संगणक सुरू होत असताना, ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण चढण्याआधीही तो चालतो. लॅपटॉपला मोजकेच पोर्ट असतील तर ब्लूटूथ बरे.

कर्सर मधेच अडखळत असेल तर माउसला दोष देण्यापूर्वी रिसीव्हरची जागा बदलून पाहावी. रिसीव्हर २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतो आणि यूएसबी ३.० पोर्ट किंवा त्याला जोडलेली हार्ड डिस्क नेमक्या त्याच पट्ट्यात गोंगाट निर्माण करते. संगणकाच्या मागच्या बाजूला, डिस्कच्या शेजारी खोचलेला रिसीव्हर काढून पुढच्या पोर्टात बसवला, किंवा छोट्या एक्स्टेन्शन वायरने टेबलावर आणला, की ही तक्रार बहुतेक वेळा मिटते.

वेग आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची हीच आहे. अंगठ्याने एका दमात चेंडू सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच, सहज फिरतो असे धरू. माउसची संवेदनशीलता ४०० डीपीआय (म्हणजे एक इंच हालचालीत माउस मोजतो ते ठिपके) असेल तर तेवढ्या फिरण्यात कर्सर ढोबळमानाने ४०० पिक्सेल सरकतो. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जाण्यासाठी मग जवळजवळ पाच वेळा अंगठा उचलून पुन्हा फिरवावा लागेल आणि दिवसअखेर तो दुखेलच. तेच ८०० डीपीआयवर अडीच फेऱ्या होतात आणि १६०० वर एकाहून थोडे अधिक. म्हणून सुरुवातीला वेग असा ठेवावा की, दोन झटक्यांत कर्सर पडदा ओलांडेल. तो आधी अनावर वाटतो, पण हात सरावला की तोच योग्य वाटू लागतो.

डीपीआय बदलण्याचे बटण माउसवर असेल तर ते वापरावे, नाहीतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर पॉइंटरचा वेग वाढवावा. मॅकवर हीच सोय ट्रॅकिंग स्पीड या नावाने आहे. विंडोजमध्ये 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' नावाचा एक पर्याय आहे. तो सुरू असताना चेंडू हळू फिरवला तर कर्सर कमी सरकतो आणि जोरात फिरवला तर प्रमाणापेक्षा जास्त. खेळांसाठी माउस वापरणारे तो बंद करायला सांगतात. लेखन, पत्रव्यवहार आणि हिशेबाच्या कामासाठी मात्र ट्रॅकबॉलवर तो सुरू ठेवावा असे मला वाटते, कारण लांबचा पल्ला आणि बारीक नेम या दोन्ही गरजा एकाच वेगात बसत नाहीत. त्याच जागी 'कंट्रोल दाबल्यावर पॉइंटरची जागा दाखवा' अशा अर्थाचा पर्यायही आहे. दोन पडदे वापरणाऱ्यांनी तो जरूर सुरू करावा.

हाताची पद्धत

माउसने आपण एका सलग हालचालीत लक्ष्यावर पोचतो. ट्रॅकबॉलवर हीच हालचाल दोन टप्प्यांत करावी. आधी चेंडूला लक्ष्याच्या दिशेने मोकळा झटका द्यावा आणि कर्सर लक्ष्याच्या आसपास आला की बोट टेकवून चेंडू थांबवावा. मग बोटाच्या टोकाने, जवळजवळ फक्त दाब बदलून, उरलेले अंतर भरून काढावे. पहिल्या टप्प्यात अचूकतेचा आग्रह धरू नये. सुरुवातीपासून अगदी सावकाश, नेमके जायचा प्रयत्न केला की बोटे आखडतात आणि कर्सर थरथरतो. चेंडूवर अंगठ्याचे टोक रोवू नये. अंगठ्याचा मांसल भाग टेकवून तो सांध्यातून लोळवावा.

नंतर क्लिक. चेंडू फिरवून झाला की अंगठा किंचित सैल करावा, कर्सर स्थिर आहे हे पाहावे आणि मगच बटण दाबावे. बटण दाबताना सबंध हात आवळला तर चेंडूही हलतो आणि शेजारच्याच दुव्यावर क्लिक होते. डबल-क्लिकमध्ये हे विशेष जाणवते, कारण दोन क्लिकांच्या मधे कर्सर थोड्या पिक्सेलपेक्षा जास्त सरकला तर संगणक त्या दोन सुट्या क्लिक मानतो. सराव होईपर्यंत फाइल एका क्लिकने निवडून विंडोजमध्ये एंटर दाबावे. तोच परिणाम होतो आणि चिडचिड वाचते. मात्र हात बसल्यावर ट्रॅकबॉलचा खरा गुण याच ठिकाणी दिसतो, कारण माउसची क्लिक दाबताना सबंध माउस सरकू शकतो, तर इथे चेंडू सोडला की कर्सर जिथल्या तिथे राहतो.

बटण दाबून धरून ओढण्याचे काम नवख्यांना सर्वांत जड जाते. अंगठ्याच्या प्रकारात तर्जनीने डावे बटण धरायचे आणि अंगठ्याने चेंडू फिरवायचा. दोन्ही बोटे स्वतंत्र असल्याने हे लवकर जमते. मधल्या चेंडूच्या प्रकारात अंगठा बटण धरतो आणि बोटे चेंडू फिरवतात, तेव्हा पंजा ताणला जातो. लांब ओढायचे असेल तर बटण न सोडता बोट उचलून चेंडू पुन्हा फिरवता येतो आणि टेबलाची कड आडवी येत नाही. बटण धरून ठेवणे त्रासाचे होत असेल तर विंडोजमधील 'क्लिकलॉक' सुरू करावे. मग बटण क्षणभर दाबून सोडले तरी ते धरलेलेच समजले जाते आणि पुन्हा क्लिक केली की सुटते.

तरीही कमीत कमी ओढावे असाच माझा सल्ला आहे. मजकूर निवडायचा असेल तर सुरुवातीला एक क्लिक करावी आणि शेवटी शिफ्ट धरून दुसरी. मधला सगळा मजकूर निवडला जातो. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात न्यायची असेल तर विंडोजमध्ये कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-व्ही पुरते. एक्सेलमध्ये सूत्र खाली उतरवण्यासाठी सेलच्या कोपऱ्यातला छोटा चौकोन ओढत बसण्याऐवजी त्यावर डबल-क्लिक करावी. शेजारच्या स्तंभात जिथपर्यंत माहिती आहे तिथपर्यंत सूत्र भरले जाते.

काही कामे ट्रॅकबॉलवर कष्टाचीच राहतात. मुक्तहस्त रेषा काढणे किंवा पडद्यावर सही करणे हे त्यातले. चेंडू तुकड्या-तुकड्यांनी फिरत असल्यामुळे लांब, गोलाईदार रेषा एका दमात येत नाही. अशा कामासाठी पेन किंवा साधा माउस हाताशी ठेवावा.

पहिल्या दिवसापासून दिवसभर तोच वापरण्याचा हट्ट करू नये. पत्रे वाचणे, ब्राउझरमध्ये फिरणे अशा निवांत कामांसाठी आधी वापरावा आणि घाईच्या कामात तूर्त जुन्या माउसकडे वळावे. दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवले तरी काही अडत नाही. अंगठा दुखू लागला तर चेंडूवरचा दाब आणि कर्सरचा वेग पुन्हा तपासावा आणि हाताला विश्रांती द्यावी. दुखणे टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.

चेंडूची सफाई

काही आठवड्यांनी कर्सर एका दिशेला नीट जातो आणि दुसऱ्या दिशेला अडतो असे वाटू लागते. हे बिघाडाचे लक्षण नाही, आत मळ साठला आहे. माउस बंद करून उलटा धरावा. बऱ्याच माउसच्या तळाशी चेंडूच्या मागे एक भोक असते. त्यातून पेन्सिलीचे बोथट टोक दाबले की चेंडू तळहातावर पडतो. खाचेत तीन बारीक गोल आधारबिंदू दिसतील. चेंडू केवळ याच तीन ठिपक्यांवर टेकून फिरतो. त्वचेचा तेलकटपणा आणि कपड्यांचे सूक्ष्म तंतू मिळून प्रत्येक ठिपक्याभोवती राखाडी कडे धरते. ते कापूस गुंडाळलेल्या काडीने किंवा नखाने अलगद काढावे, सेन्सरच्या छोट्या खिडकीवरून कोरडी काडी फिरवावी, खाचेत पाणी घालू नये. चेंडू कोरड्या मऊ कापडाने पुसला की झाले. पुसलेला चेंडू थोडा वेळ अडखळत फिरतो. त्याला काही लावण्याची गरज नाही. तळहातात दोन-तीनदा घोळवला की हाताच्या स्वाभाविक ओलाव्याने तो पुन्हा मोकळा फिरू लागतो.

बॅगेतून नेताना माउसचे बटण बंद करावे, म्हणजे चेंडू हलल्याने बॅटरी विनाकारण खर्च होणार नाही. चेंडू नुसता दाबून बसवलेला असतो आणि धक्क्याने निसटू शकतो, म्हणून माउस कापडी पिशवीत घालूनच बॅगेत ठेवावा, आणि रिसीव्हर लॅपटॉपमध्ये तसाच खोचून न ठेवता माउसच्या पोटातल्या त्याच्या खणात परत बसवावा.