तीन सेंटिमीटरच्या चौकटीत नथीचा मोती न् मोती

झवेरी बाजारातल्या नथीचा किंवा ठुशीचा फोटो कॅटलॉगमध्ये ३ सेंमी रुंद छापायचा असेल, तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ३५४ पिक्सेल हाती येतात. म्हणून दागिन्याने चौकट भरू द्या. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेले पिक्सेल.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, २ सेकंदांचा टायमर. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. सगळंच स्पष्ट हवं म्हणून एफ/२२, म्हणजे फारच बारीक छिद्र, लावलं की प्रकाशाच्या विवर्तनाने (छिद्रातून जाताना पसरण्याने) बारीक तार उलट मऊ पडते. त्यापेक्षा फोकस थोडाथोडा सरकवत ६-८ फोटो काढून त्यांतले स्पष्ट भाग एका फोटोत जोडावेत.

खरी कळ प्रकाशात आहे. बटर पेपरमागून एका बाजूने, खालच्या कोनातून प्रकाश द्या. कोरीवकामाची सावली पडली तरच ते छपाईत दिसतं. चारही बाजूंनी उजेड दिला तर सोनं सपाट पिवळं. समोर काळ्या कार्डाची पट्टी धरली की कडा उठतात.

पावसाळ्यात एसीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, १५-२० मिनिटं थांबा.

शार्पनिंग (कडा ठळक करणं) फोटो छपाईच्या मापाला लहान केल्यानंतरच. शेवटी खऱ्या मापात, खऱ्या कागदावर प्रूफ (चाचणीची छपाई) काढा.